वीतभर कापड : देवगाव रंगारीच्या रोजनिशीतील पाने

२२ मार्च २०२५, शनिवार

आज शाळेच्या ओट्यावर बसून ठरलं. गावातल्या बायकांनी मिळून एक गोधडी शिवायची. कोरोनाच्या काळात जी जिथं एकटी पडली, तिनं ते वीतभर चौकोनात शिवून आणायचं. चित्र काढून, ठिगळ लावून, नुसत्या टाक्यांनी, जसं जमेल तसं. कापड जुनं, सुती आणि त्या दोन वर्षांत घरात वापरलेलं हवं. नवं विकत आणायचं नाही. पुरुषांना आणि मुलांनाही मुभा आहे. सुई येत नसेल तर खडूनं काढून द्यावं, शिवायला इथं हात पुष्कळ आहेत.

पाच वर्षांपूर्वी याच तारखेला जनता कर्फ्यू होता. संध्याकाळी पाचला गावभर ताटं वाजली. त्यानंतर कितीतरी महिने गावानं मिळून काहीच केलं नाही. तशी परवानगीच नव्हती.

हे काम सुचलं ते एका भिंतीमुळे. एप्रिल २०२० मध्ये शासनानं साखर कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी परतू दिलं. आपल्या कन्नड तालुक्यातूनही माणसं कोयता घेऊन जातात. ती ट्रकनं, ट्रॅक्टरनं परत आली आणि त्यांना शाळेच्या खोल्यांत उतरवलं. चौदा दिवस. बाहेर पोलीस पाटील आणि गावची पोरं आळीपाळीनं पहाऱ्याला. पुढं शाळा उघडली तेव्हा मी माझ्या वर्गात गेले, तर फळ्याखाली कोळशानं काढलेली बैलगाडी होती. बैलांची वेसण, चाकाचे आरे, वर लादलेल्या मोळ्या, सगळं नीट. गाडीमागं चालणारं एक पोर. बाजूला दिवस मोजलेल्या उभ्या रेघा. कुणी काढलं ते कुणीच सांगितलं नाही. पुढं वर्गाला चुना दिला गेला आणि ते चित्र त्याखाली गेलं.

तेव्हापासून मनात आहे की, माणसांनी आपलं एकटेपण मांडायला तेव्हाच सुरुवात केली होती. कुणी भिंतीवर, कुणी ओवीत, कुणी दाराच्या चौकटीवर रेघा ओढून. ते गोळा करणारं कुणी नव्हतं.

२५ मार्च, मंगळवार

अस्तराचं कापड रंगवायला घेतलं. दोन जुनी नऊवारी लुगडी मिळाली, फिकी पडलेली. रंगाऱ्यांच्या गावात कापड रंगवणं शोभेलच. रंग बाभळीच्या सालीचा घ्यायचा, ही माझी सूचना. साल रात्रभर भिजवून उकळली, गाळली, तुरटी घातली. कापड तपकिरी, मातीच्या जवळ जाणाऱ्या रंगाचं झालं.

बाभूळच का, ते बायकांना सांगावं लागलं नाही. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात गावाच्या वाटा ज्या फांद्या टाकून अडवल्या, त्या बाभळीच्याच होत्या.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. आज गुढ्या उतरल्यावर बायका जमल्या तेव्हा पहिलं बोलणं त्यावरच निघालं. साखरेच्या गाठी दुकानात होत्या, पण दुकान बंद. एकीनं गुढीला गाठीऐवजी गुळाचा खडा बांधला होता. तिला तो खडाच शिवायचा आहे. कापडावर गूळ कसा दाखवायचा, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी जुन्या भगव्या पटक्याचा तुकडा निघाला.

सर्वांत वयस्कर आजी आज पहिल्यांदा बोलल्या. त्यांच्या सासूनं सांगितलेली गोष्ट. पटकीच्या साथीत गाव मरीआईचा गाडा काढायचं. सुतार गाडा करी, कुंभार मूर्ती देई, घरोघरचं धान्य, लिंबं, बांगड्या, खणाचे तुकडे त्यात पडत. वाजत गाजत तो गाडा शिवेवर नेऊन सोडायचा. पुढचं गाव आपल्या शिवेवर नेई. आजी म्हणाल्या, "तव्हा मानसं लई मेली. पन गाव एका जागी व्हतं. या बारीला गाव व्हतं, पन एका जागी नव्हतं."

गाड्यानं पटकी जात नव्हती. पाणी उकळून प्यायल्यानं आणि लशीनं साथी आटोक्यात आल्या, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. एका गावाचं संकट दुसऱ्याच्या शिवेवर ढकलणं हेही काही भलं नव्हे. तरी आजींचं बोलणं खरं आहे. साथीच्या भीतीत प्रत्येक घराला काहीतरी हातांनी करायला मिळे, आणि ते सगळ्यांच्या वस्तूत मिसळून जाई. गावाची ही जुनी रीत या वेळी वापरता आली नाही, कारण रोगच एकत्र येण्यानं पसरत होता. आता पाच वर्षांनी एकत्र बसता येतं आहे.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. दुपारी देवळातून आल्यावर बायकांना मोबाईलवर काही चित्रं दाखवली.

मे २०२० मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीनं लोकांकडून टाळेबंदीतली छायाचित्रं मागवली होती. उपक्रमाचं नाव ‘होल्ड स्टिल’. ३१,५९८ छायाचित्रं आली. त्यातून १०० निवडली, त्यांचं प्रदर्शन झालं. खिडकीच्या काचेआडून भेटणारी घरची माणसं, थकलेल्या परिचारिका. चित्रं चांगली होती, बायकांनी एकेक मोठं करून पाहिलं. मग एकीनं विचारलं, "बाकीच्यांच्या फोटूचं काय केलं?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. शंभर निवडली म्हणजे एकतीस हजारांहून अधिक माणसांचं एकटेपण कमी सुंदर ठरलं. परीक्षक बसवला की लोक स्वतःसाठी न करता परीक्षकासाठी करू लागतात.

म्हणून दुसरं चित्र दाखवलं, अमेरिकेतल्या एड्सच्या गोधडीचं. क्लीव्ह जोन्स यांनी ती सुरू केली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, एका माणसाच्या कबरीएवढा. त्या आजाराचं नाव घ्यायला घरचे लाजत होते, कित्येकांचे अंत्यविधी नीट झाले नव्हते. अशा वेळी मित्रांनी, आयांनी मेलेल्याचे कपडे कापून ते तुकडे शिवले. आज तिच्यात जवळपास पन्नास हजार तुकडे आहेत. २०२० मध्ये मास्कचा तुटवडा पडला, तेव्हा ती गोधडी वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या गर्ट मॅकमुलिन यांनी उरलेल्या कापडाचे मास्क शिवून दिले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये मॅडलीन फ्यूगेट या शाळकरी मुलीनं कोविडमध्ये गेलेल्यांसाठी आठ इंची चौकोनांची गोधडी सुरू केली. तिच्या आईनं पूर्वी एड्सच्या गोधडीसाठी काम केलं होतं.

"म्हंजी आपल्यावानीच," एक मामी म्हणाल्या, आणि पुन्हा सुईत दोरा ओवू लागल्या.

नियम ठरला. आलेला एकही तुकडा परत जाणार नाही. वेडावाकडा असो, टाके सुटलेले असोत, कशाचं चित्र आहे ते कळत नसो. तो गोधडीत बसेल.

१३ एप्रिल, रविवार

आज एक बाई सगळ्या गेल्यावर मागं थांबली. तुकडा पदराखाली धरलेला. त्यावर कडुनिंबाचं झाड आणि खाली रिकामी बाज, बाजेचं विणकाम एकेक टाका मोजून घातलेलं.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची तपासणी घरोघर चालू होती, तेव्हा तिचा ताप निघाला. तपासणीत कोरोना. त्रास फारसा नव्हता, म्हणून तिला मळ्यातल्या कोठ्यावर ठेवलं. सासू बांधावर डबा ठेवून जायची. चौदा दिवस ती नुसती झोपली. लग्नाला किती वर्षं झाली, पण दुपारी पाठ टेकली आणि कुणी हाक मारली नाही असं कधी घडलं नव्हतं. घरी यायचा दिवस जवळ आला तसं तिला रडू येऊ लागलं. घरच्यांना वाटलं, आजारानं खचली.

"लोकं मरत व्हती अन् मला बरं वाटत व्हतं. हे शिवावं का नाही, मॅडम?"

शिवावं, असं मी तिला सांगितलं. माझं मत पक्कं आहे. ज्या घरात आठ माणसं दोन खोल्यांत राहतात, तिथल्या बाईच्या वाट्याला टाळेबंदीत एकांत आलाच नाही. घरातले सगळे दिवसभर घरात, चूल दिवसभर पेटलेली, पुरुषांचं काम बंद आणि तिचं दुप्पट. शहरातल्या माणसांना चार भिंतींत माणूस दिसेना म्हणून जीव नकोसा झाला. इथं कितीतरी जणींना माणसांच्या गराड्यात बोलायला माणूस नव्हतं. आणि एखादीला रोगानं आयुष्यातला पहिला विसावा दिला. हे सगळं एकाच साथीचं चित्र आहे. बाज आणि कडुनिंब त्यातून वगळले तर ते खोटं होईल.

तिची अट आहे की, तुकडा कुणाचा ते कुणाला कळू नये. त्यावरून संध्याकाळी फोनाफोनी करून आणखी एक नियम केला. जिवंत माणसांची नावं गोधडीवर येणार नाहीत. गेलेल्यांचं नाव घरच्यांनी सांगितलं तरच.

२० एप्रिल, रविवार

उन्हाळी कांदा काढणीला आला आहे, त्यामुळे बायका कमी. आलेल्यांच्या बोटांना कांद्याचा वास.

सलूनवाले भाऊ गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती गुंडाळायचं पांढरं कापड घेऊन आले. राज्यात सलून २८ जून २०२० पासून उघडायला परवानगी मिळाली, तोवर तीन महिने दुकानाला कुलूप. या काळात त्यांनी स्वतःच्या मुलाचे केस तेवढे कापले. कापडावर त्यांनी खडूनं फक्त एक खुर्ची काढली. समोरचा आरसा काढताना हात थांबला. "आरशात काय दाखवू?" म्हणाले. तो तसाच कोरा ठेवला.

पाचवीच्या मुलांनी आपली चित्रं दिली. ही मुलं जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाली, आणि पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे ती थेट दुसरीत वर्गात बसली. पहिलीची खोली त्यांना ठाऊकच नाही. जवळजवळ प्रत्येकानं मोबाईल काढला आहे. एका मुलीनं झाडावर चढलेला भाऊ काढला, रेंजसाठी. खाली ती स्वतः, वही वर धरून. त्या वर्षात सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शाळेनं घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले होते आणि पालघरकडे ‘बोलकी शाळा’ भोंग्यावरून शिकवत होती. इथं झाड होतं.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

माहेरवाशिणी आल्या आहेत. २०२० ची आखाजी २६ एप्रिलला होती. त्या वर्षी गावात एकही लेक आली नाही. एक जण नवऱ्याच्या मोटारसायकलवरून शिवेपर्यंत आली, आणि अडवलेल्या वाटेवरून परत गेली. फांद्यांच्या पलीकडून आईनं सांजोऱ्यांचा डबा जमिनीवर ठेवला, मागं सरली, मग लेकीनं उचलला. तिच्या आईनं आज चौकोन दिला नाही. तिनं ओवी सांगितली, स्वतःची, आणि ती शिवायला मला दिली.

माहेराच्या वाटंवरी काट्याची ग आडकाठी,
शिवंवरून फिरली लेक, भरली नाही तिची ओटी.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा हजारावर गावांमधून लाखाच्या वर ओव्या मिळाल्या. आता त्या ‘पारी’ या संग्रहात ऐकता येतात. आमच्या घरातलं जातं कधीच परसात जाऊन पडलं, तरी बाईच्या तोंडून दोन ओळी अजून सहज येतात. अक्षरं मी तांबड्या दोऱ्यानं घालते आहे.

आज घरोघर गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर पूजली. संध्याकाळी एक वहिनी नवऱ्याचा शर्ट घेऊन आल्या. एप्रिल २०२१. दुसरी लाट. ऑक्सिजनची खाट मिळवायला शहरातले दवाखाने फिरले, एका ठिकाणी मिळाली, पाचव्या दिवशी फोन आला. देह गावी आणता आला नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लांबून पाहिलं. दहावा झाला तो चार माणसांत, नदीवर न जाता. भावकीतलं कुणी आलं नाही, आणि त्या म्हणतात, त्यात त्यांचा दोष नव्हता. तरी मनात राहिलंच की माझ्या दारात कुणी रडायला आलं नाही.

शर्ट त्यांनीच कापला. खिशाचा भाग चौकोनात घेतला. त्यांचं एकच म्हणणं होतं. खिसा कापडाला तीन बाजूंनी शिवा, वरून उघडा राहू द्या. नाव घालायचं का, विचारलं. घाला, म्हणाल्या. हिरव्या दोऱ्यानं त्यांनी स्वतः घातलं. त्या घालत होत्या तोवर बाकीच्या बायकांनी आपल्या सुया खाली ठेवल्या होत्या. चार वर्षांपूर्वी रडायला न आलेल्यांपैकी काही जणी त्यांतच होत्या. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. वहिनींचं झाल्यावर त्यांच्या भावजयीनं चहा केला.

८ मे, गुरुवार

आजच्या दिवशी २०२० मध्ये पहाटे बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान मालगाडीखाली सोळा मजूर गेले. आपल्याच जिल्ह्यात, सटाणा शिवारात. मध्य प्रदेशातले, बहुतेक उमरिया आणि शहडोलकडचे. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. गावाकडं जाणारी गाडी भुसावळहून मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघाले आणि दमून रुळांवरच झोपले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत, असं त्यांना वाटलं असणार. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र पुढं कितीतरी वर्तमानपत्रांत आलं.

आमच्या गावचा एक मुलगा त्याच महिन्यात वाळूजच्या कारखान्यातून रात्री चालत आला होता. आज तो कांद्याच्या गोण्या भरून आल्यावर शाळेत आला. त्याला स्वतःची वाट काढायची होती, म्हणजे वाळूज ते देवगाव. बसला, आणि काढले रूळ. म्हणाला, "मी सडकेनं आलो, ते रुळानं गेले. एवढाच फरक." त्याच्या चौकोनावर दोन काळ्या पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये सोळा छोटे गोल आहेत. गोल त्याच्या आईनं जुन्या पांढऱ्या धोतराचे कापले. या सोळांची घरं इथून शेकडो मैलांवर आहेत, त्यांच्या घरचं कुणी इथं तुकडा आणून देणार नाही. म्हणून तो गोधडीत हवाच, असं सगळ्यांचं मत पडलं.

१८ मे, रविवार

आज भांडण झालं. ते नीट लिहून ठेवते.

ऊसतोडीवरून आलेल्या एका घरच्या बाईनं तुकडा आणला. त्यावर हापसा, आणि हापशाच्या दांड्याला साखळी. खरी साखळी, तुटक्या पिशवीच्या झिपची, कापडावर शिवलेली. शाळेतले चौदा दिवस संपवून हे कुटुंब घरी गेलं, तेव्हा त्यांच्या गल्लीतल्या हापशाला साखळी बांधली होती. त्यांनी पाणी घेऊ नये म्हणून. आठवडाभर ती आणि तिची मुलगी रात्री मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. रोगाची तपासणी झालेली, रोग नसल्याचं ठरलेलं, तरीही.

तुकडा पाहताच एक काकू उठल्या. त्यांचं घर त्याच गल्लीत. "गावाची बदनामी करता का? बाहेरची मानसं बघतील." दुसरी म्हणाली, तेव्हा सगळेच घाबरलेले होते, आता उकरून काय मिळणार. तिसरीनं सुचवलं, हापसा राहू दे, साखळी काढ. ज्या बाईनं तुकडा आणला ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी कुनाचं नाव लिव्हलं का?"

नियम तिच्या बाजूनं होता. तुकडा परत करायचा नाही, आणि जिवंत माणसाचं नाव नाही. तिनं दोन्ही पाळले होते. तरी मी लगेच निकाल दिला नाही. ही गोधडी माझी असती तर दिला असता.

वाद बराच वेळ चालला आणि मग गावातल्या आशा स्वयंसेविका, आमच्या आशाताई, बोलल्या. त्या एरवी फार बोलत नाहीत. त्यांचा स्वतःचा चौकोन आधीच आला होता, त्यावर नुसती दारं आहेत, ओळीनं, सगळी मिटलेली. त्या म्हणाल्या, "माझ्या तुकड्यातली दारं कुनाची हायेत ते इथं बसलेल्या समद्यांना ठाऊक हाय. त्याला कुनी काय म्हनलं नाही. कारन मी आशा, मला शासनानं पाठवलं व्हतं. हिला कुनी पाठवलं नव्हतं, ही आपल्याच घरी आली व्हती. मंग हिची साखळी का काढायची?"

कुणाकडंच याचं उत्तर नव्हतं. काकू उठून गेल्या. साखळी राहिली.

मला वाटतं, या कामातला हा सगळ्यांत खरा दिवस. साथीच्या आठवणी म्हटलं की सेवेच्या, त्यागाच्या, ताटं वाजवल्याच्या गोष्टी निघतात. त्याही खऱ्या आहेत. पण एकटं पडणं दरवेळी विषाणूमुळे घडलं नाही. काही वेळा ते शेजाऱ्यानं केलं, आणि ज्यांची ताकद कमी त्यांच्यावर जास्त केलं. बाहेरून आलेला, हातावर पोट असलेला, जातीनं खाली मानलेला, अशांच्या वाट्याला साखळी आली. सगळ्यांना बरं वाटेल अशी गोधडी शिवायची असती तर बाजारात तयार मिळते.

२५ मे, रविवार

अवकाळी पाऊस थांबत नाही. कांदा शेतात भिजला. ज्यांचा चाळीत गेला ते सुटले. वर्गात पाणी गळतं म्हणून गोधडी आजींच्या माडीवर नेली.

बातम्यांत पुन्हा कोरोनाचे रुग्ण वाढल्याचं येतं आहे, मुंबई-पुण्याकडं. बसल्या बसल्या एकीनं विचारलं, "पुन्हा वाटा बंद करतील का?" आशाताईंनी समजावून सांगितलं की, लशी झाल्या आहेत, आजार सौम्य आहे, घाबरायचं नाही, खोकला असेल तर तोंडाला बांधायचं. तरी सगळ्या क्षणभर गप्प झाल्या.

गोधडी भरायला घेतली आहे. आमच्याकडं काठाकडून सुरुवात करतात. बाहेरची ओळ चारी बाजूंनी फिरते, मग तिच्या आतली, असं करत टाके मध्यापर्यंत येतात. एका वेळी चौघी-पाच जणी बसल्या तर प्रत्येकीची बाजू वेगळी असते, आणि काम पुढं सरकतं तशा त्या एकमेकींच्या जवळ येतात. काकू आज आल्या. हापशाच्या बाजूला बसल्या नाहीत, समोरच्या काठाला बसल्या. टाके त्यांचे सर्वांत बारीक आणि सरळ असतात.

लंडनमध्ये थेम्सच्या काठी, पार्लमेंटच्या समोर एक भिंत आहे. २९ मार्च २०२१ पासून लोकांनी तिच्यावर लाल बदाम रंगवले, मेलेल्या प्रत्येकासाठी एक. काही दिवसांत दीड लाखांवर गेले. सुरुवातीचा रंग उन्हापावसात उडू लागला, तेव्हा गेलेल्यांच्या घरच्या माणसांनी दर शुक्रवारी जमून ते पुन्हा रंगवायचं ठरवलं. हे मला फार भावतं. स्मारक एकदा बांधून मोकळं होण्यापेक्षा दर आठवड्याला हात लावावा लागतो, म्हणून माणसं येत राहतात.

१ जून, रविवार

गोधडी झाली.

ती कुठं ठेवायची, यावर पुन्हा चर्चा. एक सूचना आली की, काचेच्या पेटीत शाळेत ठेवावी. दुसरी, शहरात प्रदर्शनाला द्यावी. आजींनी दोन्ही मोडून काढल्या. "पांघरायची नसंल तर तिला गोधडी कशाला म्हनायचं? नुसतं फडकं म्हना."

मग ठरलं ते असं. गोधडी फिरती राहील. ज्या ज्या घरातून तुकडा आला, त्या घरी ती पंधरा दिवस राहील, वापरात. घरात कुणी आजारी पडलं किंवा कुणी गेलं, तर क्रम मोडून आधी त्या घरी जाईल, आणि नेताना निदान दोन बायका सोबत जातील. नुसती पाठवून द्यायची नाही. उसवली तर ज्या घरी असेल त्या घरानं शिवायची. पहिल्यांदा ती मळ्यातल्या त्या बाईकडं गेली. चिठ्ठीत तिचं नाव निघालं.

प्रत्येक तुकड्यामागची हकीकत मी वहीत लिहून घेतली आहे. वहीसाठी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याहून हातकागद आणला, सुती कापडापासून केलेला, बराच टिकतो. त्यात जिवंतांची नावं नाहीत.

जे वाचतील त्यांच्यासाठी दोन शब्द. तुमच्या गावात, गल्लीत, सोसायटीत अजून ती माणसं आहेत ज्यांच्या हातावर शिक्का मारला होता, ज्यांना दारात उभं केलं नव्हतं, ज्यांनी आपलं माणूस लांबून पाहिलं. पाच वर्षांत तारखा पुसट व्हायला लागल्या आहेत. आणखी पाच वर्षांनी आजींसारखी माणसं नसतील आणि पाचवीतली पोरं कामाला लागलेली असतील. त्यांना एका जागी बसवा. कापड घ्या, भिंत घ्या, कागद घ्या, काहीही चालेल. परीक्षक नेमू नका, आणि कुणी साखळी आणली तर ती काढायला लावू नका.

आमच्या गोधडीच्या एका काठाला एक हात रुंदीची पट्टी जोडायला जागा ठेवली आहे. देवगावची जी माणसं तेव्हा पुण्या-मुंबईला, सुरतेला, कारखान्यांवर अडकली होती, त्यांनी गणपतीला किंवा दिवाळीला गावी येताना त्या दिवसांतलं एखादं जुनं सुती कापड सोबत आणावं. गोधडी त्या वेळी कुणाच्या घरी आहे, ते शाळेत विचारलं की कळेल.